सूर आणि ओघ : गिबनच्या इतिहासलेखनातील एका अडथळ्याचा विचार

१

साधने जमली, टिपणे झाली, प्रकरणांचा आराखडाही ठरला. आणि तरीही पहिले पान पुरे होत नाही, हा अनुभव संशोधनाच्या क्षेत्रात दुर्मिळ नाही. अशा वेळी सामान्यतः दोन कारणे सांगितली जातात. एक, अभ्यास अजून अपुरा आहे. तेव्हा आणखी वाचावे. दुसरे, स्फूर्तीचा अभाव आहे. तेव्हा तिची वाट पाहावी. ही दोन कारणे परस्परविरुद्ध दिसली तरी एका बाबतीत ती सारखीच आहेत. लेखनातील अडथळ्याचे मूळ दोन्हीही लेखनाच्या बाहेर शोधतात. ते मूळ पुष्कळदा लेखनाच्या आतच असते, असे मानण्यास इतिहासलेखनाच्या इतिहासात एक भक्कम आधार आहे. तो म्हणजे रोमन साम्राज्याच्या ऱ्हास-पतनाचा इतिहासकार एडवर्ड गिबन (१७३७-१७९४) याचा लेखनक्रम.

गिबनच्या ग्रंथाच्या जन्माची हकीकत सर्वपरिचित आहे. १५ ऑक्टोबर १७६४ रोजी रोममधील कॅपिटॉल टेकडीवरील भग्नावशेषांत तो विचारमग्न बसला होता. ज्युपिटरच्या प्राचीन मंदिराच्या जागी अनवाणी ख्रिस्ती साधू सायंप्रार्थना गात होते. आणि त्या नगरीच्या ऱ्हासाचा इतिहास लिहावा ही कल्पना त्या वेळी प्रथम त्याच्या मनात आली, असे त्याने आत्मवृत्तात नमूद केले आहे. ही हकीकत त्याने प्रसंगानंतर सुमारे पाव शतकाने लिहिली, आणि तिच्या तपशिलाविषयी अभ्यासकांनी शंकाही व्यक्त केल्या आहेत. पण ती अक्षरशः खरी मानली तरी एक प्रश्न उरतोच. ग्रंथाचा पहिला खंड १७ फेब्रुवारी १७७६ रोजी प्रसिद्ध झाला. मधल्या अकरा वर्षे चार महिन्यांत काय घडले? स्फूर्ती जर त्या सायंकाळीच आली होती, तर लेखणी इतकी वर्षे कशासाठी थांबली? या प्रश्नाचे उत्तर कॅपिटॉलच्या हकीकतीपेक्षा अधिक बोधप्रद आहे.

२

गिबनची लेखणी अडण्याचा पहिला काळ रोमभेटीच्याही आधीचा आहे. इतिहासकार व्हावयाचे हे त्याने लवकरच ठरविले होते. प्रश्न विषयाचा होता. १७६० ते १७६२ या काळात हॅम्पशायरच्या नागरी पलटणीत कप्तान म्हणून छावणीत दिवस काढीत असता त्याने एकामागून एक विषय पारखून पाहिले. फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सची इटलीवरील स्वारी, पहिल्या रिचर्डचे धर्मयुद्ध, इंग्लंडमधील सरदारांचे बंड, ब्लॅक प्रिन्स, सर फिलिप सिडने, माँट्रोझचा मार्क्विस, आणि शेवटी सर वॉल्टर रॅले, अशी ती मालिका आहे. यांपैकी रॅलेच्या चरित्रासाठी त्याने बरेच वाचन केले, आणि १७६२ मध्ये तो विषयही सोडून दिला.

सोडण्याचे कारण साधनांची उणीव हे नव्हते. उलट रॅलेविषयी पुष्कळ लिहिले गेले होते, आणि नवे सांगण्यासारखे फारसे उरले नव्हते. शिवाय अर्वाचीन इंग्लंडच्या इतिहासात प्रत्येक व्यक्ती वादाचा विषय असते आणि प्रत्येक वाचक आधीच कोणत्या तरी पक्षाचा असतो, ही धास्ती त्याने स्पष्टपणे नोंदविली आहे. या नोंदीचे महत्त्व विशेष आहे. पक्षपाती वाचकासमोर उभे राहून कोणत्या भूमिकेवरून बोलावे हे त्याला ठरविता येत नव्हते. विषयाची निवड करताना तो खरे पाहता आपल्या श्रोत्याची आणि त्या श्रोत्याशी बोलण्याच्या रीतीची निवड करीत होता.

३

दुसरा अडथळा भाषेचा होता. वयाच्या सोळाव्या वर्षी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारल्यामुळे बापाने त्याला १७५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे एका कॅल्व्हिनपंथी धर्मोपदेशकाच्या घरी पाठविले. तेथील सुमारे पाच वर्षांच्या वास्तव्यात फ्रेंच ही त्याची केवळ बोलण्याचीच नव्हे तर विचार करण्याचीही भाषा बनली. त्याचा पहिला ग्रंथ, वाङ्मयाच्या अभ्यासावरील निबंध, १७६१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो फ्रेंच भाषेत. रोमहून परतल्यावर त्याने हाती घेतलेला स्विस स्वातंत्र्याचा इतिहासही फ्रेंचमध्येच होता. त्यासाठी लागणारी साधने मुख्यतः जर्मन भाषेत होती आणि गिबनला जर्मन येत नव्हते; लोझानमधील त्याचा मित्र जॉर्ज डेव्हेर्दून याने ती त्याला अनुवाद करून दिली.

या ग्रंथाचा पहिला भाग १७६७ मध्ये लंडनमधील परदेशीयांच्या एका वाङ्मयमंडळात कर्त्याचे नाव न सांगता वाचण्यात आला. गिबन श्रोत्यांत बसला होता, आणि आपल्या लेखनावरील प्रतिकूल अभिप्राय त्याला स्वतःच्या कानांनी ऐकावा लागला. क्षणभराच्या वेदनेनंतर त्याला तो निर्णय मान्य झाला. आपली फ्रेंच शैली गद्याच्या वर आणि काव्याच्या खाली कोठे तरी तरंगते व शब्दबंबाळ होते, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. डेव्हिड ह्यूम याने मात्र ते हस्तलिखित वाचून वेगळा सल्ला दिला. त्याची हरकत ग्रंथापेक्षा भाषेला अधिक होती. त्या वेळी फ्रेंचचा प्रसार जास्त असला तरी अमेरिकेतील वसाहतींमुळे इंग्रजीला अधिक टिकाऊ भवितव्य आहे, असे त्याने गिबनला १७६७ च्या ऑक्टोबरात लिहिलेल्या पत्रात सुचविले.

स्विस इतिहासाची अपुरी पाने आपण अग्नीच्या स्वाधीन केली, असे गिबन सांगतो. वस्तुतः ते हस्तलिखित शिल्लक राहिले, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या संकीर्ण लेखनाच्या संग्रहात छापलेही गेले. स्वतःच्या लेखनजीवनाविषयीची त्याची साक्ष कोठे ताडून घ्यावी लागते याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तथापि त्या प्रकल्पाचा त्याग खरा होता. १७६८ नंतर तो रोमकडे वळला, आणि रोमसाठी त्याने इंग्रजी निवडली.

४

पुढील काही वर्षे तयारीची होती. या काळातील विलंबाचे सर्व खापर लेखनावर फोडणे न्याय्य ठरणार नाही. बापाने करून ठेवलेल्या कर्जाचा घोळ होता; १७७० च्या नोव्हेंबरात बापाचा मृत्यू झाला; त्यानंतर मालमत्तेची निरवानिरव करण्यात वेळ गेला. पण अभ्यास अखंड चालू होता. ग्रीक व लॅटिन मूळ ग्रंथ, नाणी व शिलालेख, कालगणना, थिओडोशियसची विधिसंहिता व तिच्यावरील गोडफ्रॉयचे भाष्य, तिल्मों याने जुळविलेली साधने, मुरातोरीचे इटलीविषयक संशोधन, हे सर्व त्याने पचविले. १७७३ च्या प्रारंभी लंडनमधील बेंटिंक स्ट्रीटवर स्वतःचे घर व स्वतःचे ग्रंथालय घेऊन तो स्थिरावला, तेव्हा इतिहासकाराला हवे ते सर्व त्याच्याजवळ होते. विषय होता, साधने होती, भाषा ठरली होती, सवड होती आणि स्वास्थ्यही होते.

आणि नेमके येथेच त्याचे पाऊल अडखळले. आरंभी सर्वच अंधुक व अनिश्चित होते, असे तो सांगतो. ग्रंथाचे नाव काय, साम्राज्याच्या ऱ्हासाचा खरा प्रारंभ कोठून धरावा, प्रास्ताविक किती असावे, प्रकरणे कशी पाडावीत, निवेदनाचा क्रम कोणता, यांपैकी काहीच ठरत नव्हते. सात वर्षांचे श्रम टाकून द्यावेत असा मोह त्याला वारंवार झाला. एका बाजूला सनावळीची रुक्ष जंत्री आणि दुसऱ्या बाजूला सभा जिंकणारे अलंकारिक भाषण, यांच्या मधला सूर त्याला हवा होता. तो सापडेपर्यंत पहिले प्रकरण त्याने तीनदा लिहिले. दुसरे आणि तिसरे दोनदा लिहिले. त्यानंतरच्या वाटचालीत मात्र आपली गती अधिक समान व सुलभ झाली, असे तो नमूद करतो.

तीन वेळा, दोन वेळा, दोन वेळा, हे आकडे नेहमी गिबनच्या परिश्रमशीलतेचे गमक म्हणून दिले जातात. पण हीच तीन प्रकरणे का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ग्रंथाची रचना पाहिली असता त्याचे उत्तर मिळते. पहिल्या तीन प्रकरणांत घटनांचे निवेदन असे जवळजवळ नाही. अँटोनाइन सम्राटांच्या काळातील साम्राज्याचा विस्तार व लष्करी बळ, त्याची अंतर्गत समृद्धी, आणि त्याची राज्यघटना, यांचे ते समालोचन आहे. चौथ्या प्रकरणात कॉमोडस गादीवर येतो आणि कथा सुरू होते. कथेला कालक्रमाचा आधार असतो. राजा मरतो, दुसरा येतो, आणि निवेदकाला पुढील वाक्य आपोआप मिळते. समालोचनाला असा आधार नाही. तेथे कोणती बाब आधी व कोणती नंतर, कोठे विस्तार व कोठे संक्षेप, कोठे प्रशंसा व कोठे उपरोध, हे सर्व एकट्या निवेदकाच्या दृष्टीवर अवलंबून असते. म्हणून निवेदकाचा सूर जोपर्यंत लागला नव्हता, तोपर्यंत हीच प्रकरणे अडणे क्रमप्राप्त होते.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सूर आधी निश्चित करून मग लेखन करावे, असे गिबनला करता आले नाही. तो त्याला लिहूनच सापडला. आणि एकदा नव्हे, अपुऱ्या ठरलेल्या मसुद्यांच्या मालिकेतून सापडला. पहिल्या प्रकरणाचा पहिला खर्डा वाया गेला असे म्हणता येणार नाही. कोणता सूर आपला नव्हे हे त्या खर्ड्यानेच त्याला सांगितले.

ओघ एकदा आला की अडचणी संपतात असेही नाही. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारावरील पंधरावे व सोळावे ही वादग्रस्त प्रकरणे मुळात एका मोठ्या खंडाएवढी होती. तीन वेळा पुनर्लेखन करून त्याने ती आटोक्यात आणली. पण या श्रमाचे स्वरूप वेगळे आहे. पहिल्या प्रकरणाच्या वेळी काय बोलावे हेच हाती येत नव्हते. येथे बोलणे अधिक झाले होते. पहिली स्थिती अडथळ्याची, दुसरी छाटणीची. संशोधक अनेकदा या दोहोंत गल्लत करतो, आणि छाटणीच्या कामाला अडथळा समजून हातपाय गाळतो.

५

सूर सापडल्यानंतर गिबनची लेखनपद्धती कोणती होती, हेही त्याने सांगून ठेवले आहे. एक दीर्घ परिच्छेद तो प्रथम मनातच एका साच्यात ओतीत असे; कानाने त्याची पारख करी; स्मरणात साठवी; आणि अखेरचा हात फिरवून होईपर्यंत लेखणी उचलीत नसे. लेखणी न चालण्याचा प्रत्येक क्षण हा रिकामा क्षण नसतो, हे यावरून दिसते. येथील थांबणे रचनेचाच एक भाग होते. त्याचा अभ्यास बहुधा सकाळी चाले, आणि दिवस मावळल्यावर तो काम करीत नसे. श्रम दीर्घ असले तरी मर्यादशील असल्यामुळे शरीर किंवा मन थकले नाही, असे तो म्हणतो.

सूर हा विशिष्ट माध्यमाशी बांधलेला असतो, याचाही पुरावा त्याच्याच चरित्रात आहे. १७७४ मध्ये, पहिला खंड लिहिला जात असतानाच, तो ब्रिटिश संसदेत निवडून आला. तेथे तो आठ अधिवेशने बसला आणि एकदाही बोलला नाही. उत्तम वक्ते ऐकले की त्याला निराशा येई आणि सामान्य वक्ते ऐकले की धास्ती वाटे. ज्याच्या वाक्यांतील नाद वाचकांनी दोन शतके वाखाणला, त्याला सभागृहात तोंड उघडता आले नाही. त्याचा सूर कागदावरचा होता.

दुसरा व तिसरा खंड १७८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पश्चिम साम्राज्याच्या पतनापर्यंतचे काम पुरे झाले. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या पतनापर्यंत जावे की थांबावे, याचा निर्णय न करता त्याने जवळजवळ एक वर्ष ग्रीक ग्रंथांच्या स्वैर वाचनात घालविले. हे वाचन सुखाचे होते. पण लवकरच त्याला रोजच्या कामाची ओढ लागली. हाती काम असले की प्रत्येक पुस्तकाला मोल येते आणि प्रत्येक जिज्ञासेला दिशा मिळते, असे त्याचे निरीक्षण आहे. लेखनासाठी वाचन हवे ही गोष्ट सर्वमान्य आहे; वाचनाला धार येण्यासाठीही लेखन चालू असावे लागते, हा तिचा उत्तरार्ध गिबनने अनुभवाने जोडला.

पुढील तारखा बोलक्या आहेत. चौथा खंड मार्च १७८२ मध्ये सुरू होऊन जून १७८४ मध्ये संपला. मधले काही महिने लंडन सोडून लोझानला कायमचे राहावयास जाण्यात गेले. पाचवा जुलै १७८४ मध्ये सुरू झाला व १ मे १७८६ रोजी पुरा झाला. सहावा १८ मे १७८६ रोजी आरंभला, आणि २७ जून १७८७ रोजी रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान, बागेतील उन्हाळी घरात, त्याने शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळी लिहिल्या. पाचवा खंड संपणे आणि सहावा सुरू होणे यांत केवळ सतरा दिवसांचे अंतर आहे. पहिल्या प्रकरणापाशी तीनदा परतणाऱ्या लेखकाचा हा वेग होय. मधली प्रत न करता पहिला खर्डाच छापखान्यात गेला, हेही त्याने अभिमानाने नोंदविले आहे. शेवटच्या हिवाळ्यात मात्र त्याने संध्याकाळीही काम केले; एका महिन्याच्या दिरंगाईने प्रकाशन एक वर्ष पुढे जाईल, असा त्याचा हिशेब होता. शेवटचे तीन खंड मे १७८८ मध्ये प्रसिद्ध झाले.

६

एवढ्यावर ही कथा संपली असती तर तिच्यातून अभ्यासाने अडथळा कायमचा जिंकता येतो असा सोपा निष्कर्ष निघाला असता. तसे झाले नाही. ग्रंथ पूर्ण झाल्यावर गिबनने आत्मवृत्त लिहावयास घेतले. आता तो पन्नाशी ओलांडलेला, कीर्तिमान आणि सिद्धहस्त लेखक होता. विषय त्याचे स्वतःचे जीवन होते. साधनांसाठी दैनंदिनी व पत्रे हाताशी होती. तरीही १७८८ ते १७९३ या काळात त्याने एकूण सहा मसुदे केले, आणि एकही त्याच्या मनास उतरला नाही. एखादा मसुदा घराण्याच्या हकीकतीतच रमतो. एखादा उत्तरायुष्यापर्यंत येतो पण त्रोटक राहतो. शेवटचा सर्वांत विस्तृत, तो पौगंडावस्थेपाशीच थांबतो. जे झाले ते थोडे आहे आणि त्यावर आपण संतुष्ट नाही, अशा आशयाचे त्याने १७९३ च्या प्रारंभी आपला मित्र लॉर्ड शेफील्ड याला लिहिले. ग्रंथ आणि ग्रंथकार एकाच वेळी जगासमोर येतील की नाही, याचीही त्याला शंका होती. १६ जानेवारी १७९४ रोजी त्याचा मृत्यू झाला. शेफील्डने सहा मसुद्यांतून एक सलग वृत्तांत जुळवून १७९६ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ मसुदे स्वतंत्रपणे छापले गेले ते १८९६ मध्ये.

अँटोनाइन सम्राटांविषयी बोलण्याचा सूर गिबनला सापडला होता. स्वतःविषयी बोलण्याचा सापडला नाही. हयात असताना वाचले जाणारे आत्मवृत्त आणि मरणोत्तर वाचले जाणारे आत्मवृत्त यांचे श्रोते भिन्न, म्हणून त्यांचे सूरही भिन्न. रॅलेच्या चरित्रापाशी त्याला अडविणारा प्रश्न तीस वर्षांनी दुसऱ्या रूपाने परत आला. यातील एक योगायोग संशोधकाने विसरू नये. ‘ऱ्हास आणि पतना’च्या वेळची अडचण कशी दूर झाली याचा मुख्य पुरावा म्हणजे हेच अपुरे आत्मवृत्त होय. जळाल्याचे सांगितलेले पण न जळालेले स्विस हस्तलिखित लक्षात घेता, त्यातील नाट्यमय प्रसंग जपून स्वीकारले पाहिजेत. मात्र मसुद्यांची संख्या, खंडांच्या तारखा आणि प्रकरणांची रचना ही साक्ष नाट्यावर अवलंबून नाही. आणि वरील विवेचन मुख्यतः तिच्यावरच उभे आहे.

७

मराठी इतिहासलेखनाच्या परंपरेतही श्रोता आणि ओघ यांचा संबंध पाहावयास मिळतो. १८९८ या एकाच वर्षी दोन आरंभ झाले. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, आणि गो. स. सरदेसाई यांची ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. राजवाड्यांचा श्रोता विद्वान व पुष्कळदा प्रतिपक्षी होता. त्यांच्या प्रतिपादनाचा खरा ओघ साधनखंडांच्या प्रस्तावनांत आहे. सरदेसायांच्या रियासतीचे मूळ बडोद्यास राजपुत्रांना शिकविण्यासाठी केलेल्या टिपणांत होते. ऐकणारा समोर बसलेला होता, म्हणून कसे सांगावे हा प्रश्न आरंभीच सुटला. आणि तो ओघ पुढे अर्धशतक टिकला. मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनी १९४६ ते १९४८ या काळात तीन इंग्रजी खंडांत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. त्र्यं. शं. शेजवलकर यांच्या संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा व साधने त्यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. चरित्र मात्र लिहिले गेले नाही. अशा अपूर्णतेची कारणे प्रत्येक वेळी वेगळी असतात आणि ती सर्व एका सूत्रात बांधणे योग्य नव्हे. तथापि प्रस्तावना व आराखडा यांपासून पहिल्या प्रकरणापर्यंतचे अंतर किती मोठे असू शकते, हे त्या ग्रंथाच्या नुसत्या नावावरूनही कळते.

विसाव्या शतकात मानसशास्त्राने हा प्रश्न हाती घेतला. मनोविश्लेषक एडमंड बर्गलर याने १९५० च्या आपल्या ग्रंथात लेखनावरोधाचे मूळ लेखकाच्या नेणिवेत शोधले. पुढे मिहाय चिक्सेंटमिहायी याने १९७५ पासून तल्लीनतेच्या अवस्थेचे विवेचन केले. स्पष्ट लक्ष्य, केलेल्या कृतीचा तत्काळ प्रत्यय, आणि कामाची अवघडता व कर्त्याचे कौशल्य यांचा समतोल, ही तिची लक्षणे त्याने मांडली. गिबनच्या उदाहरणात ही तिन्ही लक्षणे दिसतात. खंडाचा आराखडा हे लक्ष्य. कानाने पारखलेला परिच्छेद हा प्रत्यय. आणि पहिल्या प्रकरणाच्या तीन मसुद्यांनी साधला तो समतोल. मात्र चौथ्या प्रकरणानंतर जे सहज भासते, त्याचे मोल पहिल्या तिहींत चुकते झालेले आहे.

प्रबंधाचे पहिले प्रकरण ज्याच्या हातून पुढे सरकत नाही, त्याने या इतिहासावरून एक साधी परीक्षा करून पाहावी. आपल्याला आणखी माहिती हवी आहे, की आपण कोणाशी आणि कोणत्या सुरात बोलत आहोत हे अजून ठरलेले नाही? पहिली उणीव असेल तर ग्रंथालयाची वाट धरणे रास्त आहे. दुसरी असेल तर तिचा उपाय ग्रंथालयात नाही. तो त्याच प्रकरणाच्या दुसऱ्या खर्ड्यात आहे, आणि गरज पडल्यास तिसऱ्या.